नऊ नंबरची विहीर

वाचकहो, बोरटेप वाडीच्या कोंडात कचऱ्याच्या वायूवर वीज निर्माण करणारा एक लहान प्रकल्प आहे. त्यातील नऊ नंबरच्या विहिरीस गेल्या वैशाखात जी आग लागली, तिची खरी हकिकत मी या ठिकाणी आरंभापासून अखेरपर्यंत निवेदन करणार आहे. त्या आगीविषयी वर्तमानपत्रात चार ओळी छापून आल्या होत्या. त्यांत एका सज्जन माणसाच्या नावापुढे ‘निष्काळजीपणा’ हा शब्द घातलेला होता. तो शब्द खरोखर ज्याच्या वाट्याचा होता, तोच हे लिहीत आहे. माझे शिक्षण आठवीपर्यंत झालेले आहे, तेव्हा शब्दांत उणे-अधिक आढळल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे.

महाडहून पोलादपूरकडे जाताना हमरस्ता सोडून डोंगराच्या अंगास वळले की आमची वाडी लागते. वाडीच्या पाठीमागे पूर्वी एक खोल कोंड, म्हणजे डोंगराच्या कुशीतला खड्डा, होता. त्यात बाजारपेठेचा आणि कारखान्यांच्या वसाहतीचा कचरा वर्षानुवर्षे पडत गेला. पुढे तो कोंड भरला, वर लाल मातीचा जाड थर पसरून दाबला गेला, आणि त्या मातीतून खाली बावीस ठिकाणी भोके पाडून काळे पाईप सोडण्यात आले. त्यांस विहिरी म्हणतात. परंतु या विहिरींतून पाणी काढावयाचे नसते, तर कुजलेल्या कचऱ्यातून निघणारा वायू ओढून घ्यावयाचा असतो. ब्लोअरचा पंखा तो ओढतो, इंजिन तो जाळते, आणि त्या इंजिनाच्या फिरण्यातून वीज होऊन तारांवर चढते. मी त्या ठिकाणी लाईनवर काम करीत असे. रोज सकाळी गळ्यात मापक अडकवून बावीस विहिरी फिरणे, प्रत्येकीचा वायू किती टक्के व तपमान किती हे रजिस्टरात लिहिणे, पाईपात साचलेले पाणी काढणे आणि साहेब सांगतील तसा व्हॉल्व्ह फिरवणे, हे माझे काम.

आता या कोंडाचा आणि आमच्या घराचा जो संबंध आहे, तो सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

माझे वडील बंधू चांगू हे कचऱ्याच्या ट्रॅक्टरवर मजूर होते. मोठ्या पुराच्या वर्षी सावित्रीने बाजारपेठेत आठवडाभर पुरेल इतका गाळ आणून टाकला आणि तो गाळ ट्रॉल्या भरभरून याच कोंडात आणून ओतला जात होता. त्या गाळात गाद्या होत्या, भिजून फुगलेली तांदळाची पोती होती, मेलेली गुरे होती. एके दिवशी दुपारी ड्रायव्हर चहास गेला असता ओला ढीग सरकला. ड्रायव्हर परत आला तेव्हा ट्रॅक्टर अर्धा गाडलेला होता आणि चांगूदादा नव्हता. चार दिवस शोध घेतला. ढीग पुन्हा पुन्हा सरकत असल्यामुळे पाचव्या दिवशी शोध थांबविण्यात आला, आणि सहाव्या दिवशी त्याच जागी पुन्हा गाळ पडू लागला. त्याला जाताना कोणीही पाहिले नव्हते, म्हणून सरकारी कागदात त्याच्या नावापुढे ‘बेपत्ता’ असे लिहिले गेले. पुढे दोन महिन्यांनी भावकीतल्या एकाने पनवेलच्या स्टँडवर त्याला पाहिल्याचे सांगितले. तो माणूस खोटे बोलणारा नव्हता आणि त्याची नजरही चांगली नव्हती.

तेव्हापासून आमच्या घरात दोन मते झाली. माझी आई रंगूबाई हिची खात्री होती की तिचा मोठा मुलगा कोंडातच आहे. वहिनी चंद्रभागा यांची कसलीच खात्री नव्हती. त्यांनी मंगळसूत्र काढले नाही आणि ते मिरवलेही नाही. लग्नकार्यात हळद लावावयास त्यांना कोणी बोलावीत नसे आणि टाळल्यासारखेही दाखवीत नसे. त्या स्वतःच त्या वेळी पाणी भरावयास निघून जात. दहावे, बारावे, वर्षश्राद्ध यांपैकी काहीही झाले नाही. जिवंत माणसाचा पिंड ठेवला तर त्याचे आयुष्य तुटते, असे वहिनींच्या पाचाडच्या माहेरच्यांनी सांगितले होते.

विहिरी पाडण्यात आल्या तेव्हा नवव्या विहिरीचे भोक ट्रॅक्टर गाडला गेला होता तेथून दहा-बारा पावलांवर पडले. सर्व विहिरींत तीच सर्वांत जोरकस निघाली. इतर विहिरी पंचेचाळीस-पन्नास टक्क्यांवर असताना नऊ नंबर छप्पन दाखवी. मी संध्याकाळी घरी येऊन पाय धूत असे, तेव्हा आई ओटीवर बसल्या बसल्या विचारी.

“नव नंबर कसा हाय रे आज?”

“बरा हाय, आय. छप्पन.”

“काल चौपन व्हता.”

“व्हय. वाडला.”

“मग बरा हाय,” असे म्हणून ती पान लावू लागे.

इतकेच. एखाद्या मुंबईस असलेल्या मुलाची खुशाली विचारावी तसे ती विचारीत असे, आणि मीही त्याचप्रमाणे सांगत असे. ते ऐकताना वहिनी चुलीपुढून कधीही मान वर करीत नसत. माझी पत्नी आवडी हिला मात्र ते सहन होत नसे. ती मला म्हणे, “दुसऱ्या इहिरींवर भराभरा जाता न् त्या नवापाशी सासरवाडीला आल्यासारकं बसता.” तिचे म्हणणे खोटे नव्हते. नऊ नंबरचे पाणी मी सर्वांच्या शेवटी काढीत असे. व्हॉल्व्हला कान लावला की आत गुरगुर ऐकू येई. पाईपात पाणी अडले म्हणजे तसा आवाज होतो, हे मला ठाऊक होते. तरीही दादाला हिवाळ्यात खोकला होत असे, तो झोपेत असाच घशात अडकत असे, हे माझ्या मनातून जात नसे. मी हेल्मेट काढून ठेवीत असे आणि पाणी संपेपर्यंत तेथे उभा राहत असे. घरी दिवा लावताना बटणावर बोट ठेवले की, ही वीज तेथलीच, असे मनात येऊन हात क्षणभर मागे येई.

प्रकल्पाचे साहेब सुहास हे तिशीचे गृहस्थ होते. देशावरचे, स्वच्छ बोलणारे, मजुरास अहो-जाहो करणारे. दर शनिवारी रिक्षाने वीर स्टेशनावर जाऊन ते गाडी धरीत आणि सोमवारी सकाळी आमच्या आधी हजर असत. चांगूदादाविषयी त्यांना ठाऊक नव्हते. ते आले तेव्हा कोणी सांगितले नाही आणि मी तर मुळीच सांगितले नाही, कारण सांगितले असते तर त्यांनी मला नऊ नंबरवरून काढले असते.

चैत्रात उन्हाने माती वाळली, कचऱ्यातील ओल कमी झाली आणि विहिरी एकामागून एक मंदावू लागल्या. इंजिन धापा टाकू लागले. वरून फोन येत की वीज ठरल्याप्रमाणे का येत नाही. तेव्हा सुहाससाहेबांनी मला बोलावून सांगितले, “सयाजीराव, नऊ नंबर अर्धा फेरा उघडा. तिच्यात अजून दम आहे.” मी अर्धा फेरा उघडला. आठ दिवसांनी त्यांनी आणखी अर्धा सांगितला. तेव्हा त्यांनी मला असेही बजावले होते, आणि हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, की तपमानावर नजर ठेवा, पंचावन्नच्या वर गेले की मला त्याच क्षणी कळवा, फार ओढले तर बाहेरची हवा आत शिरते आणि आत आग धरते. त्यांनी मला हे दोन वेळा सांगितले होते.

याच दिवसांत आमच्याकडे राबाचे काम चालू होते. पावसाळ्यात भाताचे रोप ज्या वाफ्यात टाकावयाचे, ती जमीन उन्हाळ्यात भाजून काढावी लागते. खाली शेण, त्यावर कवळ म्हणजे तोडलेल्या फांद्या, त्यावर पातेरा म्हणजे वाळका पाला आणि सर्वांत वर चाळलेल्या बारीक मातीचा थर, अशी रचना करून वाऱ्याच्या उलट अंगाने त्यास आग लावतात. वर माती असल्याने ज्वाळा उठत नाहीत. आतल्या आत धुमसत धुमसत सारा वाफा जळत जातो, तण मरते, किडे मरतात आणि माती फुलते. आमच्या घरात राब रचण्याचे काम वहिनींचे. पहाटे उठून त्या आणि आवडी रानातून कवळाचे भारे आणीत. वहिनींच्या मानेवर भाऱ्याच्या दोरीचा काळा वळ कायमचा पडलेला आहे. राबाची माती कोठे बसली, आग कोठवर पोचली, हे त्या पायाच्या तळव्याने सांगत.

वैशाखाच्या पहिल्या आठवड्यात मी नऊ नंबरवर गेलो तेव्हा विहिरीच्या पूर्वेस माती परातीएवढी खाली बसलेली दिसली. कडेचे गवत मुळाशी पिवळे झाले होते. मापक लावला. वायू एकोणचाळीस टक्के. तपमान अठ्ठावन्न. मी मापक झटकून पुन्हा लावला. अठ्ठावन्न. नाकास एक वास आला, तो कचऱ्याचा नव्हता. भाजलेल्या मातीचा होता.

सुहाससाहेब त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत बाहेर होते. ते येताच सांगावयाचे, असे मी ठरविले. तो विचार माझ्या मनात स्वच्छ होता, हे मी शपथेवर सांगतो.

परंतु आदल्या संध्याकाळी घरी एक प्रसंग घडला होता. चांगूदादाची मुलगी अक्षदा महाडला बारावीत शिकते. तिने परीक्षेनंतरच्या प्रवेशाचा अर्ज घरी आणला होता. वडिलांच्या नावापुढे ‘कै.’ लिहावयाचे की नाही, असे तिने आईस विचारले. वहिनींनी चुलीत लाकूड सारले. तेव्हा तिने आजीस विचारले. आजी म्हणाली, लिही. वहिनी म्हणाल्या, लिवू नको. पोरीने दोघींकडे पाहिले, पेनाचे टोपण लावले आणि अर्ज तसाच दप्तरात ठेवून ती जेवावयास बसली. नंतर कोणीही तिला वाढताना तिच्याकडे पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे मापकाने अठ्ठावन्न दाखविले त्या दिवशी, दुपारी वहिनी माझी भाकरी घेऊन आल्या. एरवी भाकरी आवडी आणी आणि फाटकाशी ठेवून जाई. वहिनींनी तीन वर्षांत कोंडाच्या मातीवर पाऊल ठेवले नव्हते. त्या दिवशी त्या सरळ आत आल्या. मी नऊ नंबरपाशी बसलो होतो.

“वयनी, हितं नका येऊ. गॅस हाय.”

“तुमाला लागत नाय तो मला लागंल?”

त्यांनी फडके खाली ठेवले. बसलेली माती त्यांना लगेच दिसली. त्या वाकल्या आणि त्यांनी आपला पंजा मातीवर टेकला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग एक हात पुढे सरकून पुन्हा टेकला.

“भावजी, ह्यो राब लागलाय.”

“व्हय. आज सायबाला सांगतो. व्हॉल्व बंद केला न् वर माती दाबली का इजंल.”

“इजल्यावर?”

“इजल्यावर काय? परत हाय तसा.”

“न् नाय सांगितला तर?”

“तर आग वर यील. मग पोकलेन लावून सगळा खोदायला लागंल.”

हे वाक्य मी उच्चारले तेव्हा त्याचा अर्थ माझ्या ध्यानात आलेला नव्हता. वहिनींच्या ध्यानात आला होता. त्या उकिडव्या बसल्या.

“तीन वर्सं रस्त्यानं जानारी परत्येक यश्टी मी बगत्ये,” त्या म्हणाल्या. “खिडकीत हायत का म्हनून. आईंना वाटता ते हितं हायत. त्या भावकीवाल्याला वाटता पनवेलला हायत. मला कायच वाटत नाय, भावजी. मला बगायचाय.”

“आग लई खोल गेली तर?”

“राब कदी खोल जातो? वीतभर जळतो न् थांबतो. जल्मभर केलाय मी.” त्यांनी पंज्यावरची माती पदरास पुसली. “चार दिस तसाच ऱ्हाऊ द्या. तुमच्या हाताखालचा हाय. चारच दिस.”

मी भाकरी खाल्ली. त्या समोर बसून राहिल्या. वाऱ्याने त्यांचा पदर मातीवरून ओढला जात होता. त्या उठून गेल्या तेव्हा मी रजिस्टर उघडले आणि नऊ नंबरच्या रकान्यात तपमान एकेचाळीस लिहिले. व्हॉल्व्हला मी हात लावला नाही. तीन वाजता साहेबांनी रजिस्टर पाहून सही केली आणि विचारले, “नऊ ठीक ना?” मी म्हणालो, “ठीक हाय, सायेब.”

त्या संध्याकाळी आईने विचारले, नव नंबर कसा हाय. मी एकावन्न सांगितले. ती म्हणाली, कमी झाला. मी म्हणालो, उन्हाळा हाय.

दुसऱ्या दिवशी बासष्ट. मी बेचाळीस लिहिले. तिसऱ्या दिवशी मी फेरी लवकर आटोपून पुन्हा बेचाळीस लिहिले, आणि आम्ही आमचा राब भाजला. आवडी आणि अक्षदा कडेने हिरव्या फांद्या घेऊन उभ्या होत्या. वहिनी अनवाणी वाफ्याच्या बांधावरून फिरत होत्या आणि जेथे फट पडेल तेथे मूठभर माती टाकीत होत्या. आमचा राब दुपारपर्यंत जळला आणि संध्याकाळी विझला. वहिनींनी फावड्याने माती उकरून मला दाखविली. वर काळी राख, खाली एक वीत भाजलेली तांबूस माती आणि त्याखाली थंड, ओलसर जमीन.  मग फावडे उभे धरून त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मलाही बरे वाटले. आम्ही दोघांनीही आयुष्यात जी आग पाहिली होती ती हीच होती. कचऱ्याच्या पोटात तीस हात खोलवर जळण भरलेले असते आणि वरून ब्लोअर फुंकणीसारखा वारा ओढत असतो, हे मला शिकविण्यात आले होते. मी ते जाणत होतो. परंतु पायाखालची थंड माती पाहिल्यानंतर शिकलेले मागे पडले.

चौथ्या दिवशी सकाळी मी गेलो, तो पाईपाच्या मुळाशी निळसर धूर होता. माती परातीएवढी नव्हे, आमच्या ओटीएवढी बसली होती. मी व्हॉल्व्ह बंद करावयास गेलो तर चाक हातास चटका देऊ लागले. खांद्यावरचे फडके गुंडाळून मी ते फिरविले. तोच पाईप मेणासारखा एका बाजूस झुकला. पायाखालची जमीन सरकली आणि माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. तो मी उपसून काढला तेव्हा पोटरीची कातडी पायमोज्याबरोबर उतरली. मागे वळून पाहिले तर पाय गेला होता त्या भोकातून आतला लाल प्रकाश दिसत होता. भट्टीच्या तोंडात दिसतो तसा. त्या वेळी मी दादाला हाक मारली, असे पाठीमागून धावत आलेल्यांनी नंतर सांगितले. मला आठवत नाही.

इंजिन बंद झाले. सुहाससाहेब उघड्या डोक्याने धावत आले आणि त्यांनीच मला ओढून बाजूस काढले. पुढे अकरा दिवस ती आग जळत होती. मातीचे डंपर आले, पाण्याचे टँकर आले. वरून दाबले की आग दुसऱ्या अंगाने श्वास घेई. सायंकाळी धूर उठून आंबेनळी घाटाकडे जाई आणि पहाटे वाऱ्याबरोबर परत वाडीवर येऊन बसे. भातास, पाण्यास, अंथरुणास तोच वास. मी पायास पट्टी बांधून ओटीवर पडून होतो. आई माझ्या शेजारी बसून खोकत असे. त्या अकरा दिवसांत तिने मला एकदाही काही विचारले नाही. ती कोंडाकडे तोंड करून बसे आणि धूर दाट झाला की पदर नाकास लावण्याऐवजी तोंडावरून खाली घेत असे. वहिनी शेतावर जात, येत, जेवण करीत. एकदा मी त्यांना म्हणालो, “लई खोल गेली, वयनी.” त्या म्हणाल्या, “व्हय.” आणि पाण्याची कळशी उचलून गेल्या.

बाराव्या दिवशी पोकलेन लागला. कंपनीला आग मुळापासून काढावयाची होती. मी काठी टेकीत गेलो. वहिनी आधीच येऊन उभ्या होत्या. तेव्हा प्रथमच मी सुहाससाहेबांना चांगूदादाविषयी सांगितले, कारण खोदणाऱ्याने हळू खोदावे अशी माझी विनंती होती.  मग त्यांनी पोकलेनवाल्यास थांबविले, स्वतः खड्ड्यात उतरले आणि पुढे पोकलेनची प्रत्येक बादली रिकामी झाली की ती माती हाताने चाळून पाहू लागले.

वीस हात खोल गेल्यावर ती जागा आली. गाळ भाजून विटेसारखा झालेला होता. त्यात पांढरी राख होती आणि राखेत हाडे होती. पुष्कळ हाडे होती. काही जाड, काही बारीक, सगळी तडकलेली, बोटात धरली तर खडूसारखी झडणारी. पोलिसांबरोबर आलेल्या डॉक्टरांनी ती कागदावर मांडून बराच वेळ पाहिली. त्या जागी पुरातील गुरेही टाकली गेली होती, हे सर्वांस ठाऊक होते. डॉक्टर सरळ मनाचे होते. त्यांनी सांगितले की एवढ्या उष्णतेने जळाल्यावर माणसाचे कोणते आणि जनावराचे कोणते, हे मोठे तुकडे सोडल्यास मला निश्चित सांगता येत नाही, आणि मोठे तुकडे तर गुरांचेच आहेत. आग अशी पेटण्याआधी खोदले असते, तर गोष्ट वेगळी होती. शेवटचे वाक्य ते आपल्याशीच बोलले. मी आणि वहिनी खड्ड्याच्या कडेस उभे होतो. आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही.

 कागद वाऱ्याने फडफडत होता, त्यावर सुहाससाहेबांनी दगड ठेवला. मग वहिनी पुढे झाल्या. त्यांनी पदर पसरला आणि बारीक तुकडे, राखेसकट, पदरात ओढून घेतले. भावकीतला एकजण दबक्या आवाजात म्हणाला, की गो, गुरांची असतील.

“असू देत,” वहिनी म्हणाल्या. “तीन वर्सं त्यांच्याच संगतीला व्हते.”

दुसऱ्या आठवड्यात चौकशी झाली. रजिस्टर मागविण्यात आले. नऊ नंबरचा व्हॉल्व्ह साहेबांच्या सांगण्यावरून उघडला, हे त्यात होते. तपमान तीन दिवस एकेचाळीस-बेचाळीसच्या घरात, हेही होते. मापक बिघडलेला असणार आणि तो तपासून घेण्याची जबाबदारी साहेबांची, असे ठरून त्यांस कामावरून कमी करण्यात आले. मला विचारले तेव्हा माझा पाय सुजलेला होता आणि मी जखमी कामगार म्हणून खुर्चीवर बसविलेला होतो. मी म्हणालो, मापकात दिसला ते लिवला.

जाण्यापूर्वी सुहाससाहेब आमच्या घरी आले. बरोबर त्यांची बॅग होती, फाटकाशी रिक्षा उभी होती. आईने त्यांना पाट दिला, तरी ते ओटीच्या पायरीवरच बसले. ते म्हणाले, “आजी, मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर तिथे मी वीज काढली नसती. मी जास्त ओढलं. माझ्या हातून झालं.” आणि ते आईच्या पायाशी वाकले. आईने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. ती त्यांना म्हणाली, “तू परका रे, तुला काय ठावं?” मी चार हातांवर होतो. आवडीने चहा आणला. तो त्यांनी संपूर्ण प्यायला, कप विसळावयास स्वतः उठले आणि अक्षदाने तो त्यांच्या हातून घेतला. रिक्षा वळणाआड जाईपर्यंत मी तोंड उघडीन, असे मला वाटत होते. वहिनी दाराच्या आत उभ्या होत्या. त्यांनाही तसेच वाटत असावे. रिक्षा गेली.

दहाव्यासाठी नदीचा काठ ठरला. पुरुषमंडळी आणि भावकीतल्या दोन-तीन बायका, असे आम्ही खाली उतरलो. आई चालू शकत नसतानाही आली. वहिनींनी राखेचे गाठोडे कोणासही धरू दिले नाही. उन्हाळ्याने सावित्री आटून खडकांतून एक बारीक धार वाहत होती. महाडहून आलेले भटजी नवखे होते, त्यांस मृत्यूची तारीख सांगितली तेव्हा ते थोडे गोंधळले. भावकीतल्या वडीलधाऱ्याने त्यांस थोडक्यात सर्व हकिकत सांगितली. न्हावी वस्तरा पाजळीत दगडावर बसला होता.

भटजींनी दर्भ हातात घेतले आणि रोजचाच प्रश्न विचारावा तसे विचारले, “अग्नी कोणी दिला आहे? त्यांनी पुढे बसावं.”

 वडीलधारे म्हणाले, की अग्नी कोणीच दिला नाय, भटजी, कंपनीच्या आगीत जळाला तो. भटजी म्हणाले, तर मग प्रथम दर्भाचा पुतळा करून त्यास मंत्राग्नी द्यावा लागेल, त्यावाचून पिंड पोचणार नाही. दर्भाची जुडी सोडण्यास त्यांनी प्रारंभही केला.

“पुतळा नको,” मी म्हणालो.

“अहो, पण अग्नी...”

“अग्नी दिलेला हाय. मी दिलाय.”

 काहींस वाटले, दुःखाने माझ्या डोक्यावर परिणाम झाला. मी पुढे सांगितले. अठ्ठावन्न होता, मी एकेचाळीस लिवला. चार दिस मुद्दाम जळू दिला. सायबाचा काय दोष नाय. हे सांगताना माझी नजर पाण्यावर होती, कारण आई डाव्या हातास बसली होती आणि मला तिच्याकडे पाहावयाचे धैर्य नव्हते.

तेव्हा बायकांच्या बाजूने वहिनी उठल्या. गाठोडे छातीशी धरून त्या खडकांवरून माझ्याजवळ आल्या आणि माझ्या शेजारी, जेथे फक्त पुरुषाने बसावयाचे असते त्या जागी, ओल्या वाळूत मांडी घालून बसल्या.

“एकट्यानं नाय,” त्या भटजींना म्हणाल्या. “आमी दोगांनी दिलाय.”

भटजींनी वडीलधाऱ्यांकडे पाहिले. वडीलधाऱ्यांनी आईकडे पाहिले. आई खूप वेळ नदीकडे पाहत राहिली. मग तिने मान डोलावली. भटजींनी दर्भाची एक अंगठी माझ्या बोटात घातली, आणि थोडे थांबून दुसरी वहिनींपुढे केली. न्हाव्याने माझ्या डोक्यावर पाणी ओतले.

ही हकिकत मी एका प्रतीत सुहाससाहेबांच्या पत्त्यावर, एका प्रतीत कंपनीच्या कचेरीकडे धाडली असून तिसरी आपल्या हाती आहे. जे होईल ते मला मान्य आहे. एवढा वेळ देऊन आपण एका अनोळखी घराचे दुःख आणि अपराध दोन्ही वाचलेत, त्याबद्दल मी आपला मनःपूर्वक आभारी आहे.

सयाजी धोंडू रिंगे
मु. बोरटेप वाडी